सुभेदार जिवंत ठेवा

खडकवाडी, ता. वाई
२३ जानेवारी १९४४

ती. आप्पा,

तुमचं कार्ड पोचलं. गिरणीला नवा पट्टा बसवलात, बरं झालं. इकडे मामंजींचा गुडघा थंडीनं धरतो, बाकी ठीक. मला सातवा लागल्यापासून सासूबाई विहिरीवर जाऊ देत नाहीत. ह्यांचं इटलीहून नोव्हेंबरानंतर पत्र नाही. त्यातही चिखल फार आहे एवढं एकच वाक्य वाचता आलं, बाकी सगळं सरकारनं काळ्या शाईनं पुसलेलं.

पत्र लिहायचं कारण सुभेदार. हे रजेवर आले तेव्हा आणलेलं ते कुत्रं. चाल थेट पलटणीतल्या साहेबासारखी, म्हणून ह्यांनीच नाव ठेवलं. मामंजी अजून कुरकुरतात, "मी हवालदार म्हणून पेन्शनीत निघालो, आन घरात कुत्रं सुभेदार!" तर दिवाळीपासून त्याला बरं नाही. खाणं तुटलं, बरगड्या मोजाव्यात असा झालाय. मान वाकडी धरतो. गेल्या आठवड्यापासून लाळ गळते आणि आवाज बदललाय. तुमच्याकडे गिरणीवर दहा गावची माणसं येतात. कुणाला औषध ठाऊक असेल तर विचारा.

आणखी एक विचारायचं होतं. अशा कुत्र्याचा दात नुसता ओझरता लागला तर काही होतं का? इथं शेजारच्या एका बाईला लागलाय. ती भितेय, म्हणून विचारलं.

मी मजेत आहे.

तुमची
माला

---

सांगली
२५ जानेवारी

चि. माला,

तुझी ती शेजारीण मला काही पटली नाही. तुमच्या घराच्या एका अंगाला ओढा, दुसऱ्या अंगाला तुमचाच गोठा. लग्न ठरवताना मी तो सगळा शिवार पायाखाली घातलाय. शेजारीण आली कुठून? ओढ्यातून? आणि तुझं अक्षर सरळ रेघेत चालणारं, ते या खेपेला उताराला लागल्यासारखं घसरलंय. कागद धरणारा डावा हात दुखत असला की असं होतं. तुझी आई गेल्यावर तुझ्या खोकल्यावरून ताप ओळखणारा बाप आहे मी. माझ्याशी लपंडाव खेळू नकोस.

कुठं चावलाय? किती खोल? कधी? सगळं लिही.

आज मी डॉक्टरांकडे गेलो होतो (दुसऱ्याच कामाला). त्यांना विचारलं. ते म्हणाले ते जसंच्या तसं लिहितो. जखम साबणानं भरपूर पाण्याखाली धुवायची. साताऱ्याला सरकारी दवाखान्यात जाऊन पोटात सुया घ्यायच्या, आणि त्या लगेच सुरू करायच्या. आणि कुत्र्याला मारायचं नाही. बांधून ठेवायचं आणि बघत राहायचं. पिसाळलेलं कुत्रं चावल्यापासून दहा दिवस काढत नाही. दहा दिवसांनंतर ते जितं असलं तर समजायचं, चावलं तेव्हा त्याच्या लाळेत ते विष नव्हतं. मेलं तर मात्र एकही सुई चुकवायची नाही. आणि मधेच कुणी मारून टाकलं, तर आपल्याला काही म्हणता काही कळत नाही.

समजलं का माला? त्या जनावराचा जीव आणि तुझा जीव सध्या एका दाव्याला बांधलेत. मामंजींना हे पत्र वाचून दाखव.

आणि मला सांग, सुभेदार पाणी पितो का? भुंकतो कसा? अक्षरांत लिहून काढ. हसू नकोस. इंजिन बिघडलं की मी आधी कान लावतो, मग पाना हातात घेतो.

मी स्वतःच यायला हवं होतं. पण इथं कामाचा असा रगाडा पडलाय की पाय काढता येत नाही.

आप्पा

---

खडकवाडी
२७ जानेवारी

ती. आप्पा,

तुमच्यापुढं खोटं टिकत नाही. मलाच चावलाय. शनिवारी हळद-तुपाची गोळी त्याच्या घशात सारत होते. माझं बोट आत खोल गेलं आणि त्यानं कळवळून तोंड मिटलं. मनगटावर दोन दात रुतलेत. त्यानं मुद्दाम नाही केलं हो. चावल्यावर माझ्याकडे बघत कान पाडून बसला.

साबणानं धुतलं, पण तुमचं पत्र यायच्या आधी सासूबाईंनी जखमेत मिरची भरली होती. त्यांनी मला सात विहिरींत डोकवायला नेलं, पाण्यात आपलं तोंड धड दिसलं की विष चढलं नाही म्हणे. पोट घेऊन सात विहिरी चालले. सहाव्या विहिरीत पाणी हललं आणि माझं तोंड तुटक तुटक दिसलं. सासूबाईंनी माझा दंड असा आवळला की वळ उठला.  

तुमचं पत्र मामंजींना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "व्याही म्हणत्यात त्ये खरं आसंल." पण सुयांचं नाव काढताच सासूबाई उसळल्या, "प्वाटात सुया? प्वाटात माजा नातू हाय का सुयांची उशी? पोराला टोचली तर मानसिंगला काय त्वांड दावू?" मामंजी उठून गोठ्याकडे गेले. खरं सांगू? मलाही पोटात सुया म्हटलं की बाळ आतून अंग चोरतंय असं वाटतं.

पाण्याचं विचारलंत. तेच लिहायला हात धजत नव्हता. सुभेदार पाण्यापाशी जातो, जीभ लावतो आणि मागं सरतो. हे पाहिल्यापासून गावात एकच बोलणं, कुत्रं पिसाळलंय. पूर्वी तो भॉ-भॉ करायचा. आता आधी घर्रर्र, मग मधेच तुटतो, आणि शेवटाला बारीक शिट्टीसारखं ईंऽऽ येतं.

आमचा गडी गुंडा म्हणतो, कुत्रं मेलं की त्याचं इख बी मरतंय, वहिनीसायेब मोकळ्या हुतील. सासूबाईंना ते पटलंय. येत्या सोमवारी सकाळी मारायचं ठरलंय. मी नको म्हटलं तर म्हणाल्या, "तुज्याच जिवासाटी चाललंय न्हवं?" आप्पा, त्या वाईट नाहीत. त्यांना खरंच वाटतं की तो मेला की मी वाचले.

आता मी रोज सकाळी उठले की आधी तांब्यात पाणी घेते. बघते, भीती वाटतेय का. मग एक घोट घेते. घोट खाली गेला की तो दिवस माझा.

माला

---

सांगली
२९ जानेवारी, शनिवार

चि. माला,

तुझं पत्र आत्ता आलं. माझं हे पत्र सोमवारच्या सकाळच्या आत पोचत नाही, म्हणून तार ठोकली.

ज्या घरचा मुलगा लढाईवर आहे त्या घरी तार धाडू नये, हे मला कळतं. गिरणीवर तारवाला नुसता पत्ता विचारायला थांबला तरी ज्यांची पोरं पलटणीत आहेत त्या बायका दळण टाकून उठतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तुझ्या सासूबाई, हरणाबाई, ती तार बघून काय करतील या विचारानं तारऑफिसच्या दारातून दोनदा मागं फिरलो. पण तिसऱ्यांदा आत गेलोच. तारेत लांबण लावता येत नाही. तुझ्या मामंजींच्या, लालासाहेबांच्या नावानं इतकंच लिहिलं: कीप सुभेदार अलाइव्ह. आप्पासो. बाबूनं विचारलं, सुभेदार कोण? म्हटलं, घरचाच आहे.

आता आवाजाचं. तू लिहिलंस ते मी दार लावून स्वतः तोंडानं काढून पाहिलं. घर्रर्र, तुटणं, मग शिट्टी. माला, इंजिनाच्या नळीत कचरा बसला की ते अगदी असंच बोलतं. आणि मागं सरतो म्हणतेस, तो पाण्याला घाबरून की गिळताना दुखतं म्हणून? जीभ लावल्यावर मागं सरतो म्हणजे आधी पाण्याजवळ जातो. तहान आहे त्याला. पण मी गिरणीवाला आहे, डॉक्टर नव्हे. डॉक्टर म्हणाले, पिसाळण्याच्या एका तऱ्हेत जबडाही असाच लोंबतो आणि गिळवत नाही. म्हणून माझ्या कानाच्या भरवशावर मी तुझा जीव टांगणार नाही. सुया घ्यायलाच हव्यात. बाळाबद्दलही त्यांना विचारलं. सुई कातडीखाली जाते, बाळापर्यंत तिची पोच नाही. हे हरणाबाईंना शंभरदा सांग.

रोजच्या पाण्याचं लिहिलंस ते वाचून मी चष्मा काढून ठेवला.

आप्पा

---

(पोस्टकार्ड)

खडकवाडी
३१ जानेवारी

ती. आप्पा,

तुमची तार पोचली, पण त्याआधी काठी पडली होती. सुभेदार गेला. घरात पोलीस बसलेत. गडी वाईला निघालाय, त्याच्या हाती कार्ड देते. काळजी करू नका.

माला

---

सांगली
२ फेब्रुवारी

चि. माला,

सुभेदार गेला आणि वर काळजी करू नका? आता करायचं तरी दुसरं काय?

हे पत्र हातात पडेल त्या पावली साताऱ्याला निघ. तुमच्याकडची मोटार कोळशावर चालते, चढाला दम टाकते, माणसांना उतरून ढकलावी लागते, सगळं ठाऊक आहे. बैलगाडीनं जा. कुत्रं मेलंय. आता ते पिसाळलेलं होतं की नव्हतं हे आपल्याला कुणीही सांगू शकत नाही, आणि न सांगता येणारी गोष्ट खरी धरूनच चालावं लागतं. हरणाबाईंना माझा नमस्कार सांग आणि म्हणावं, नातू पाहिजे तर आधी त्याची आई जगवा.

आणि पोलीस कशाला? तार वाटेत कुणाच्या नजरेला पडली का? हल्ली तुमच्या जिल्ह्यात पत्री सरकारच्या माणसांच्या धास्तीनं फौजदार सावलीचाही जबाब घेतात. माझ्या तीन शब्दांनी लालासाहेबांना गोत्यात घातलं नाही ना?

आता माझंही ऐक. कामाचा रगाडा वगैरे काही नाही. जुना पट्टा तुटला तो माझ्या पायावर. घोट्याचं हाड मोडलंय, गुडघ्यापर्यंत प्लास्टर आहे, कुबड्यांवर फिरतो. त्याचसाठी डॉक्टरांकडे जाणं होतं. तुला या दिवसांत कळवू नये म्हटलं. तू शेजारीण उभी केलीस, मी रगाडा उभा केला. दोघं सारखेच. पण आता पाय मोडो की राहो, गुळाच्या ट्रकवाल्याशी बोललोय, शनिवारी तो कराडमार्गे साताऱ्याला जातो. मागं गुळाच्या ढेपांवर बसेन. साताऱ्याच्या दवाखान्याच्या दारात मला तू दिसली पाहिजेस.

पाणी पितेस ना? मला खोटं लिहू नकोस. रोजचं रोज लिही.

आप्पा

---

खडकवाडी
४ फेब्रुवारी

ती. आप्पा,

माझ्या कार्डाला तुमचं उत्तर अजून यायचंय, पण त्यात काय असेल ते मला ठाऊक आहे, कारण काल रात्रभर मी माझं कार्ड मनात पुन्हा पुन्हा वाचत होते आणि एकदम लक्षात आलं. आप्पा, सुभेदार गेला म्हणजे उसात गेला! पळून गेला! मेला नाही. मी काय लिहून बसले! तुम्ही गाडीबिडी गाठली असेल तर थांबा. आज सकाळी वाईला गडी धाडून तारही करायला सांगितलीय. मजकूर मामंजींनी सांगितला: सुभेदार अलाइव्ह.

सोमवारी काय झालं ते नीट सांगते. सकाळी गुंडानं सुभेदारला गोठ्यातून बाहेर ओढलं. मी ओसरीच्या खांबाला धरून उभी. गुंडानं काठी उचलली, पण सुभेदारनं शेपूट हलवली तसा त्याचा हात थोडा ढळला. काठी डोक्यावर बसायची ती मानेवर जबड्याखाली बसली. सुभेदार आडवा झाला. तोंडातून रक्त-पू असं काहीतरी आलं. गुंडा दुसऱ्यांदा काठी उचलतोय तोवर दारात फौजदार आणि दोन शिपाई, आणि एका शिपायाच्या हातात तारेचा कागद.

आप्पा, तो कागद बघितला आणि सासूबाई जागच्या खाली बसल्या. किंकाळी नाही, रडणं नाही. नुसत्या जमिनीवर तळवा फिरवत राहिल्या, माती सारखी करतात तसा. माझ्या डोळ्यांपुढं ह्यांचं तोंड येईना झालं. मामंजी ताठ उभे राहिले, पलटणीत उभे राहायचे तसे, आणि म्हणाले, "वाचा सायेब."

फौजदार वाचायला तयार नाहीत. उलट दरडावून विचारतात, "सुभेदार कुठाय? कुणाला डांबून ठेवलंय? जिवंत ठेवा म्हंजे काय? कोण मारणार होतं त्यांना?" मामंजींना काही उमजेना. म्हणाले, "आवं, माजा ल्योक नाईक हाय, सुभेदार कवा झाला?" मग मीच पुढं झाले आणि बोट दाखवलं. "हा सुभेदार."

फौजदारांनी कुत्र्याकडे पाहिलं, तारेकडे पाहिलं, गुंडाच्या काठीकडे पाहिलं. एक शिपाई हसायला लागला तो थांबेचना. फौजदार मात्र हसले नाहीत. रागानं लाल झाले. दुपारपर्यंत ओसरीवर बसून सगळ्यांचे जबाब घेतले, आणि सांगलीच्या आप्पासोंना एकदा बघायचंय म्हणाले. त्या गोंधळात सुभेदार उठला आणि दाव्यासकट उसात शिरला.

आणि सासूबाई! कळलं की तार ह्यांची नाही, तर उठल्या आणि गुंडाच्या हातातली काठी काढून घेतली. "माजा ल्योक जिता हाय! आन त्यानं ठिवलेलं नाव मारायला निघालास व्हय रं?" गुंडा म्हणतो, "काकी, तुमीच तर..." "गप! तारंत लिवलंय जिता ठिवा म्हनून. सरकारी कागुद हाय त्यो!"

तुमची तार त्यांना आता देवाचा कौल वाटते. पण मला त्या तीन दिवसांत काय झालं ते कसं सांगू? सुभेदार उसात. जिता की मेला कळेना. सासूबाई भाकरी घेऊन बांधाबांधानं हाका मारत फिरायच्या, "सुभेदारऽ, ये रं बाबा." सुयांना त्या कबूल झाल्या, गाडी जुंपायचं ठरलं. मी सकाळी पाण्याचा तांब्या उचलायचे आणि पाणी डचमळलं की वाटायचं, हीच का ती भीती? की साधीच भीती? भीतीची भीती कशी ओळखायची, आप्पा?

आणि काल सकाळी तो आला. आपल्या पायांनी. जबड्याखाली मानेला भोक पडलेलं, त्यातून पू वाहून गेलेला, आणि त्या भोकातून काळंपांढरं काहीतरी टोक बाहेर आलेलं. मामंजींनी चिमटीत धरून ओढलं. साळिंदराचा काटा! बोटभर. दिवाळीत तो डोंगराकडच्या उसात साळिंदराच्या मागं लागला होता, हे आम्ही सगळे विसरलो होतो. तोंडात घुसलेला काटा आतल्या आत सरकत घशाशी जाऊन पिकला होता. गुंडाची काठी बरोबर त्या गळवावर बसली.

काटा निघाल्यावर तो पाण्याच्या पातेल्याकडे गेला आणि पाणी प्याला, आप्पा. लप्‌लप् करत, सगळं. सासूबाईंनी पुन्हा भरलं. तेही प्याला. आम्ही तिघं त्याचं पाणी पिणं बघत उभे.

गुंडा आता गावभर सांगतोय की औषध आपणच दिलं.

मी मजेत आहे.

माला

---

सांगली
७ फेब्रुवारी

चि. माला,

तुमची तार मला ट्रकच्या फळीवर एक पाय टाकलेला असताना मिळाली. सुभेदार अलाइव्ह. मी तिथंच गुळाच्या ढेपेवर टेकलो. ट्रकवाला म्हणाला, "काय मालक, साहेबाला बढती मिळाली का?" म्हटलं, साहेबाला नव्हे, मला मिळाली.

तुझं पत्र मागाहून आलं. ‘गेला’ हा शब्द पोस्टकार्डावर असा उघडा सोडत जाऊ नकोस. आपल्या भाषेत बाजाराला गेलेला आणि कायमचा गेलेला एकाच शब्दानं जातो. त्या शब्दानं मला तीन दिवस जिवंत ठेवलं नाही.

डॉक्टरांना काटा सांगितला. ते म्हणाले, कुत्रं खातंपितं आहे आणि दहा दिवस सरलेत, तर मुलीला आता सुयांची गरज नाही. मी त्यांना तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा ते म्हणाले, "आप्पासो, तुमचे कान तिखट आहेत म्हणतात, मग ऐकू येत नाही का?" फौजदारांना माझा रामराम कळव. प्लास्टर निघालं की जबाब द्यायला स्वतः येतो.

पण माला, तुझ्या पत्राच्या शेवटचं ‘मी मजेत आहे’ हे वाक्य पहिल्या पत्रातलंच आहे, आणि तेव्हा ते खोटं होतं. डॉक्टरांनी सांगितलं, काटा निघाला, कुत्रं जगलं, हे सगळं तुझ्या डोक्याला पटलंय. तांब्याला पटलंय का? रोज सकाळी अजून बघतेस ना? मी काही सांगणार नाही. अशी भीती कुणी सांगून जात नाही. फक्त मला खरं लिहीत जा.

आप्पा

---

खडकवाडी
१२ मार्च

ती. आप्पा,

हो, बघत होते. महिनाभर. सुभेदार अंगणात उड्या मारत असायचा आणि मी तांब्या धरून त्यात बघत उभी. सासूबाईंना कळलं होतं. त्या माझ्याशेजारी उभ्या राहून आपला तांब्या भरायच्या आणि माझ्याबरोबर प्यायच्या. घोटाला घोट.

आता आजचं. सकाळी मी रांजणापाशी उभी होते. तांब्या भरला होता. तेवढ्यात सुभेदार भुंकला. भॉ! भॉ! स्वच्छ, पहिल्यासारखा, शेवटाला शिट्टी नाही. तुम्ही असतात तर कान टवकारून बसला असतात. दारात टपालवाला. तो गड्याला ओरडतोय, "आवं, ह्ये सुभेदार आवरा, लष्कराचं पत्र हाय!" मी तांब्यासकट धावले. ह्यांचं अक्षर. पायाला गोळी चाटून गेली होती, दोन महिने दवाखान्यात होते, आता बरे आहेत, चालतात. खाली लिहिलंय: सुभेदार कसा आहे?

सासूबाईंनी सुभेदारला दूध-भाकरी घातली आणि ह्यांचं पत्र त्याच्या नाकाला लावलं. मामंजी म्हणाले, "आता ह्यो माज्याहून मोटा हुद्देदार, कबूल." मी ओसरीवर बसून पत्र चारदा वाचलं. मग तहान लागली तसा हाताशी पाहिलं. तांब्या रिकामा.

पाणी मी कधी प्याले, कुणास ठाऊक. भ्यायचं राहूनच गेलं, आप्पा.

माला